हुपरीकर साहेबांच्या अडतीस भेटी

यज्ञेश्वर हुपरीकर हा माणूस मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की लिहिणाऱ्यानं डाव साधला. त्यांना मी अहो-जाहो करतो ती नोकरीची सवय आहे, आदर नव्हे.

मी तालुक्याच्या शिक्षण विभागात आवक-जावकचा कारकून होतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, साहेबांपुढं ठेवायचा, साहेबांनी शेरा मारला की फायलीत लावायचा. तालुका जिल्ह्याच्या पश्चिम अंगाचा, डोंगराचा. नाव घेत नाही, कारण तिथली माणसं अजून रस्त्यात भेटली की ओळख दाखवतात.

हुपरीकर कोल्हापूरचे. वडील शिक्षक, आजोबाही शिक्षक. कसबा बावड्याला साखर कारखान्याच्या अलीकडं नव्या कॉलनीत त्यांनी घर बांधलेलं. अक्षर मोत्यासारखं. त्या अक्षराच्या जोरावर माणूस किती वर चढू शकतो ते मी डोळ्यांनी पाहिलं. वर म्हणजे हुद्द्यात. डोंगरात नव्हे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर सरकारनं केंद्रप्रमुख नावाचं पद काढलं. दहा-बारा शाळांचं एक केंद्र करायचं, त्यावर एक अनुभवी शिक्षक नेमायचा, त्यानं शाळाशाळांतून फिरायचं, मास्तरांना मदत करायची. कल्पना चांगलीच होती. पण आमच्या केंद्राच्या वाट्याला हुपरीकर आले. फिरण्यासाठी नेमलेला हा माणूस पहिल्याच आठवड्यात माझ्या समोरच्या टेबलाला नवी काच बसवून घेऊन त्यामागं स्थिर झाला. काचेखाली त्यांनी सगळ्या परिपत्रकांची विषयवार यादी सरकवली. दर महिन्याला केंद्रातल्या शिक्षकांची बैठक व्हायची, तिला ते 'धोरणवाचन' म्हणत. नवं काय आलं ते सांगायचं, हा हेतू. सांगणं म्हणजे वाचून दाखवणं. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'प्रत माहितीस्तव' पर्यंत, एक अक्षर न गाळता. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं त्या वर्षी एका शिक्षिकेनं विचारलं, "सर, पण मलाच नीट बोलता येत नाही, तर शिकवू कसं?" साहेबांनी तो परिच्छेद पुन्हा वाचून दाखवला. जरा मोठ्यानं.

नव्याण्णव साली ते पुण्याला दहा दिवसांच्या नेतृत्व विकास प्रशिक्षणाला गेले आणि परत आले ते वेगळेच होऊन. पारदर्शक कागदांचा गठ्ठा, तो भिंतीवर दाखवायचं यंत्र, आणि तोंडात 'दूरदृष्टी', 'सहभाग', 'निर्णयक्षमता'. लवकरच ते जिल्हाभर तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून जाऊ लागले. त्यांचा आवडता खेळ एकच. शिक्षकांच्या डोळ्यांना पट्टी बांधायची आणि एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांची रांग हॉलभर फिरवायची. पुढचा तेवढा डोळस. "हा तुमचा नेता," साहेब म्हणायचे, "विश्वास ठेवा." पन्नाशीतले हेडमास्तर खुर्च्यांना अडखळत, धोतर सावरत फिरायचे आणि साहेब टाळ्या वाजवायचे. दुपारी जेवण चांगलं असायचं, त्यामुळं कुणी तक्रार केली नाही.

त्यांच्या केंद्रातली सगळ्यात लांबची शाळा पालखोरीच्या धनगरवाड्यावरची. एसटी पायथ्याच्या गावापर्यंत, पुढं दीड तास चढ. चौथीपर्यंतची, एकशिक्षकी. अठ्ठ्याण्णव साली तिथं निशा कांबळे नावाच्या बाई आल्या. माहेर-सासर दोन्ही उचगावचं. बौद्ध कुटुंब, सासरे गूळ बाजारात हमाली करून निवृत्त झालेले, नवरा एमआयडीसीत फाउंड्रीवर. बाईंच्या आधी त्या शाळेवर जो नेमला जायचा तो आजारी पडायचा. बाई मात्र वाड्यावरच एका खोलीत राहिल्या. शनिवारी दुपारी उतरून उचगावला जायच्या, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. पट अकराचा चोवीस झाला. हे मला कळलं ते आवक रजिस्टरातून. साहेबांना कशातून कळलं माहीत नाही, कारण ते वर गेलेच नाहीत.

पण नियम होता की केंद्रप्रमुखानं शाळेला ठराविक भेटी द्यायच्या आणि शाळेच्या शेरेबुकात शेरा लिहायचा. मग साहेबांनी मार्ग काढला. निशाबाई रविवारी उचगावातच असतात ना? मग त्यांनीच शेरेबुक पिशवीत घालून कसबा बावड्याला आणून द्यावं. साहेब चहा घेता घेता त्या सुंदर अक्षरात लिहायचे: 'आज रोजी शाळेस भेट दिली. पट २४, हजर २२. परिपाठ उत्तम. शालेय परिसर रम्य.' खाली गुरुवारची तारीख.

मीही कधी सहीचे कागद घेऊन तिथं जायचो, तेव्हा पाहिलंय. दुसरे शिक्षक आले की हॉलमध्ये बसायचे. निशाबाईंची खुर्ची व्हरांड्यात. साहेबांच्या मंडळी, अवंतिकावहिनी, चहा बाहेरच आणून द्यायच्या. विचारलं असतं तर साहेब म्हणाले असते, तिथं वारा चांगला लागतो. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दोन हजार दोनच्या जून महिन्यात पालखोरीहून पहिलं पत्र आलं. शाळेची खोली ओढ्याकाठी आहे, मागची भिंत फुगली आहे, मुलांना बसवणं धोक्याचं आहे, वरच्या सपाटीवर शाळा हलवण्याची परवानगी मिळावी. साहेब तोवर विस्तार अधिकारी झाले होते, म्हणजे परवानगीचा कागद त्यांच्याच टेबलावरून वर जायचा. त्यांनी कोपऱ्यात लिहिलं, 'माहितीस्तव. दप्तरी दाखल.' मी फायलीला लावलं. आठ दिवसांनी दुसरं, मग तिसरं. तोच शेरा, तीच फाईल.

चौथं पत्र जुलैत आलं. ते मी उभ्यानंच वाचलं, अजून आठवतं. बाईंनी लिहिलं होतं की उत्तराची वाट पाहणं शक्य नसल्यानं सोमवारी मुलं वर हलवली, पालकांनी लाकडं आणि पत्रे घालून खोली उभी केली, आणि शुक्रवारी पहाटे जुन्या खोलीची मागची भिंत आत कोसळली. ज्या बाजूला पहिलीची पोरं बसत, त्याच बाजूला. पत्रात एकही विशेषण नव्हतं. साहेबांच्या शंभर पारदर्शक कागदांवर जे लिहिलं होतं ते या बाईनं चार ओळींत करून दाखवलं होतं.

साहेबांनी पत्र पालथं घातलं, पुन्हा सरळ केलं आणि लिहिलं, 'माहितीस्तव.'

यानंतरही शेरेबुक दर दीड-दोन महिन्यांनी बावड्याला येत राहिलं. एका रविवारी मी तिथंच होतो. साहेब लिहू लागले तेव्हा निशाबाई म्हणाल्या, "सर, शाळा आता ओढ्याकडं न्हाय. वर हलवलीय."

"लेखी द्या."

"दिलंय की. चारदा."

"मग झालं तर," साहेब म्हणाले आणि ओढ्याकाठच्या खोलीच्या दक्षिणेकडील दरवाजाची दुरुस्ती करून घ्यावी, असा शेरा लिहिला. सूचना असली की शेरा जिवंत वाटतो, असं त्यांचं मत होतं. दरवाजा जाऊ दे, ती खोलीच अर्धी जमिनीला टेकली होती. बाईंनी वही पिशवीत घातली, चहा अर्धा ठेवला आणि फाटकातून निघून गेल्या. त्यांनी पुढं आणखी तीन पत्रं पाठवली. एकूण सात.

आता गंमत बघा. दोन हजार चारच्या दिवाळीनंतर साहेबांनी पुण्याच्या एका परिसंवादात निबंध वाचला: दुर्गम शाळा आणि क्षेत्रीय अधिकाऱ्याचं नेतृत्व. त्यात पालखोरीचं उदाहरण. साडेसहा वर्षांत अडतीस भेटी, तारखांसकट! अधिकारी सतत पोचला म्हणून एका डोंगरातल्या शाळेचा पट दुपटीहून वाढला. पुण्याच्या मंडळींना ते इतकं आवडलं की त्यांनी कळवलं, जानेवारीत आम्ही तीन जण येतो, ती शाळा आणि तुमची पद्धत प्रत्यक्ष दाखवा.

तार आल्यासारखा चेहरा झाला साहेबांचा. पण नाही म्हणता येईना.

जानेवारीतल्या त्या सकाळी जीपमध्ये पुढं पुण्याच्या पद्मजा मॅडम बसल्या. त्या पथकाच्या प्रमुख, पंचावन्नच्या, हळू बोलणाऱ्या, पायात चालायचे बूट. मागं त्यांचे दोन सहकारी, मग साहेब, मग फायली घेऊन मी. साहेबांच्या पायातले कॅनव्हासचे बूट इतके नवे होते की तळव्यावरची किंमत अजून दिसत होती. पायथ्याच्या गावी उतरल्यावर ते माझ्या कानाशी आले.

"गणपतराव, वाट कुठून आहे?"

"मी कधी आलो नाही, साहेब."

"अहो, मग विचारा कुणाला तरी. हळू विचारा."

मी एका दुकानदाराला विचारलं, पालखोरीचा ओढा कुठं. कारण साहेबांच्या डोक्यात शाळा म्हणजे ओढा. आणि इथं मला माझं सांगायला हवं. शाळा हलवली आहे हे मला माहीत होतं. सातही पत्रांवर मीच शिक्के मारले होते. जीपमध्ये बसतानाच आठवलं होतं. पण बोललो नाही. साहेब डाफरतील म्हणून, की आज फजिती बघायला मिळेल म्हणून? दोन्ही असेल. नऊ वर्षं गप्प बसून जिभेला तेवढंच वळण लागलं होतं.

साहेब पुढं झाले. दोनदा वाट फुटली आणि दोन्ही वेळा त्यांनी क्षणभरही न थांबता हात केला, "इकडून." पहिल्यांदा चुकलो ते करवंदीच्या जाळीत घुसलो. दुसऱ्यांदा एका बांधापाशी वाटच संपली. दोन तासांनी पाण्याचा आवाज आला आणि ओढ्याकाठी एक पडकी खोली दिसली. तीन भिंती, चौथीच्या जागी दगडमातीचा ढीग. छप्पर नव्हतं. आत पंधरा-वीस शेरडं आणि दगडावर बसलेली एक म्हातारी. तिचं नाव चिमणाबाई, हे नंतर कळलं.

"शाळा कुठं आहे, आजी?" पद्मजा मॅडमनी विचारलं.

"शाळा व्हय? ती वर नेली की. तिसरं वरीस चाललंय." म्हातारीनं साहेबांकडं बोट केलं. "ह्या सायबांस्नी म्हाईत न्हाय?"

मला वाटलं, आता हा माणूस जमिनीत जाईल. मी तुम्हाला सांगतो, हुपरीकर हसले. कपाळाचा घाम पुसला, त्या पडक्या भिंतीकडं हात केला आणि म्हणाले, "मॅडम, मुद्दामच आधी इथं आणलं. बदल किती झाला ते जुनं पाहिल्याशिवाय कळत नाही."

मागच्या दोघांपैकी एकानं वहीत लिहून घेतलं. मॅडमनी म्हातारीला वाट विचारली.

मग चिमणाबाईच पुढं झाली. शेरडं तशीच सोडून, काठी टेकत, वीस मिनिटांत तिनं आम्हाला सपाटीवर आणलं. लाकडी खांब, पत्रे, कुडाच्या भिंती आतून-बाहेरून लिंपलेल्या. कुडावर मुलांनी खडूनं काढलेला वाड्याचा नकाशा: कुणाचं घर, कुठली विहीर, कुठं वाघ दिसला होता. चोवीस मुलं जमिनीवर बसून गटागटानं वाचत होती. निशाबाईंनी आमच्याकडं पाहिलं, साहेबांच्या बुटांकडं पाहिलं आणि सगळं ओळखलं. पण तोंडानं एवढंच म्हणाल्या, "या, बसा. पाणी देते."

पद्मजा मॅडम पोरांतच खाली बसल्या. बराच वेळ त्यांच्याकडून वाचून घेतलं. मग साहेबांकडं बोट करून मुलांना विचारलं, "हे कोण आहेत, सांगा बघू?"

पोरं एकमेकांकडं बघू लागली. पुढं बसलेल्या एका मुलीनं जरा विचार करून सांगितलं, "पावणं हायती."

त्या पोरीनं उद्धटपणा केला नव्हता. वाड्यावर नवा माणूस आला की तो पाव्हणाच. मॅडमनी शेरेबुक मागितलं. बाईंनी ते ट्रंकेतून काढून दिलं. मॅडमनी पहिल्या पानापासून वाचलं. वाचता वाचता एके ठिकाणी बोट ठेवलं.

"हुपरीकर, हा दक्षिणेकडचा दरवाजा कुठला?"

"तो जुन्या इमारतीचा उल्लेख आहे, मॅडम."

"तारीख गेल्या फेब्रुवारीची आहे."

साहेब शेरेबुकाकडं वाकून बघू लागले, जणू दुसऱ्याच कुणाचं अक्षर आहे. मॅडमनी वही मिटली, बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "शाळा छान चालवता." आम्ही उतरलो. परतताना चिमणाबाईची नात वाट दाखवायला पुढं होती. तासाभराच्या वर लागलं नाही.

मला वाटलं, आता चौकशी होईल, साहेब निलंबित होतील. मी भाबडा होतो. महिनाभरानं पुण्याहून अहवाल आला. शाळेचं कौतुक दोन पानं आणि शेवटी एक ओळ: 'अभिलेखात किरकोळ विसंगती आढळल्या, त्या क्षेत्रीय पातळीवर दूर कराव्यात.' पद्मजा मॅडमबद्दल मला जो आदर वाटला होता, तो त्या ओळीशी संपला. सभ्य माणसं अशीच सही करतात. विसंगती दूर करायचं काम अर्थात हुपरीकरांकडंच आलं, आणि त्यांनी ती दूर केली. निशाबाईंना नोटीस काढली: सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय शाळेचं स्थलांतर का केलं, सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई का करू नये.

मसुदा साहेबांचा, टायपिंग माझं. तीन प्रती. टाईप करताना माझी बोटं थांबली असं लिहायला आवडलं असतं. थांबली नाहीत. पण संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती फाईल काढली, सातही पत्रांच्या झेरॉक्स केल्या, आवकेचा शिक्का आणि साहेबांचा तो मोत्यासारखा 'माहितीस्तव' नीट दिसेल अशा. रविवारी उचगावला गेलो.

निशाबाई दारातच उभ्या राहिल्या. मी कागद पुढं केले. त्यांनी एकेक पान बघितलं. मला वाटलं आभार मानतील.

"भाऊसाहेब, हे इतके दिवस कुठं होतं?"

"फायलीत."

"आणि तुमी?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागलो.

"भिंत पडली त्या आठवड्यात पोरं तिथं असती तर ह्याच फायलीत आणखी एक कागद लागला असता. त्यावरबी तुमीच शिक्का मारला असता." आवाज चढवला नव्हता त्यांनी. "ठेवते मी हे. तुमचं नाव घेणार न्हाय. काळजी करू नका." मग मला आत बोलावून खुर्ची दिली आणि घरात वळून म्हणाल्या, "आक्काताई, पाणी आणा पाव्हण्यांना." त्यांच्या सासूबाईंनी तांब्या आणला. मी पाणी प्यालो. त्या घरात मला आत बोलावलं गेलं होतं, खुर्ची दिली गेली होती, आणि तिच्यावर बसणं मला जड गेलं.

खुलासा देण्याच्या दिवशी निशाबाई एकट्या आल्या नाहीत. पालखोरीची अकरा माणसं डोंगर उतरून, एसटीनं कोल्हापूरला, जिल्हा परिषदेत आली आणि व्हरांड्यात मांडी घालून बसली. पुढं चिमणाबाई. शिपायानं हटकलं तर म्हणाली, "शाळा आमी बांधलीया. नोटीस आमास्नी द्या की. बाईंस्नी कशापायी?" वरच्या साहेबांनी सात पत्रं पाहिली, त्यावरचे शेरे पाहिले, व्हरांड्यात एकदा डोकावले आणि तासाभरात नोटीस मागं घेतली. पुढच्या वर्षी सपाटीवर पक्की खोली मंजूर झाली. बाई तिथं आणखी चार वर्षं राहिल्या. नंतर बदली मागून उचगावजवळ आल्या. पालखोरीतल्या त्यांच्या पहिल्या तुकडीतल्या दोन मुली पुढं दहावी झाल्या. त्या वाड्यावर तोवर कुणी झालं नव्हतं.

आणि हुपरीकर? त्यांना फिरतीच्या कामातून मोकळं केलं. शिक्षा म्हणून नव्हे, गुणांची कदर म्हणून. प्रशिक्षणाच्या पूर्णवेळ कामावर घेतलं. चार वर्षं ते अख्ख्या विभागातल्या केंद्रप्रमुखांना शाळाभेट कशी द्यावी ते शिकवत होते. त्यांच्या हाताखालून किती जण गेले असतील याचा हिशेब मी करत नाही, वाईट वाटतं. दोन हजार नऊमध्ये निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ, मानपत्र, भाषणं. एका वक्त्यानं त्यांना 'डोंगरवाटा तुडवणारे' म्हटलं. साहेबांनी मान खाली घातली. लाजेनं नव्हे, विनयानं.

त्यानंतर काही महिन्यांनी बावड्यात त्यांची गाठ पडली. त्यांनीच चहाला नेलं. मीही त्या वर्षी नोकरीतून सुटलो होतो, त्यामुळं जीभ जरा सैल झाली होती. इतकी वर्षं मी त्या माणसासाठी एखादं कारण शोधत होतो. गुडघे दुखत असतील, उंचीची भीती असेल, सापाची असेल, घरी कुणी आजारी असेल. काहीतरी असावं, म्हणजे माणसाला माफ करता येतं. म्हणून सरळ विचारलं.

"साहेब, एकदा तरी पालखोरीला का गेला नाहीत?"

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. रागावले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी खरं बोलले असावेत.

"गेलो असतो तर काय वेगळं झालं असतं, गणपतराव? शेरा तोच लिहिला असता."

मी विचार केला. खरंच होतं ते. वर जाऊन, भिंत बघून, बाईंशी बोलून, घाम पुसून या माणसानं तेच लिहिलं असतं, त्याच अक्षरात. मग मी माझा चहा संपवला आणि त्यांचा निरोप न घेताच उठलो.